चिंगममध्ये काय असतं

ताईबाई गेली हे मला नरडाण्याच्या स्टेशनवर कळलं. आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनचा पट्टा सुरतेहून पार्सलनं येणार होता. तो घ्यायला मी सकाळच्या एसटीनं शिरपूरहून गेलो होतो. गाडी येऊन गेली, पट्टा उतरला, मी सही करायला उभा होतो. तेवढ्यात स्टेशनमास्तरांनी विचारलं, "शिरपूरच्या जिनिंगचे बन्सीलाल तुम्हीच ना?" त्यांनी मला आत बोलावलं आणि स्वतःची खुर्ची दिली. रेल्वेचा माणूस उगीच कुणाला खुर्ची देत नाही.

ते म्हणाले, "जिनिंगमधून फोन होता. तुमच्या मंडळींना जास्त झालं आहे. निघा लगेच."

जास्त झालं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी विचारलं, "किती वाजता?"

ते म्हणाले, "साडेनऊला."

मी तो पट्टा खांद्यावर टाकला आणि आग्रा रोडवर येऊन एका ट्रकला हात केला. पट्टा तिथंच ठेवून यायला हवा होता. पण तो घ्यायला आलो होतो, म्हणून घेतला. दुसरं काही सुचलं नाही. घरी पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता आणि मी खांद्यावर पट्टा घेऊन उभा. कुणीतरी तो उतरवून घेतला.

ती अंगणात तूर निवडत होती. छातीत जळजळतंय म्हणाली आणि भिंतीला टेकली. एवढंच झालं. चौपन्न वर्षांची होती.

बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. उचलायच्या आधी भजनी मंडळाचे तोताराम आबा पुढं आले आणि म्हणाले, "बन्सी, हिनी माळ कोठे शे? माळकरी बाई शे. गळामा माळ नको का?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझी थोरली भावजय वच्छलावहिनी उशाशी बसली होती, तिनं मान खाली घातली. माळ देव्हाऱ्यात होती. मी आत गेलो, माळ हातात घेतली आणि तिथंच थांबलो. कारण ती माळ ताईबाईनं स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. खरं काय ते कळल्याशिवाय गळ्यात घालणार नाही, असं ती देवासमोर बोलली होती. आठ महिने झाले होते. खरं काय ते शोधून काढायचं काम माझ्याकडं होतं आणि ते मी केलं नव्हतं. आता ती बोलू शकत नाही म्हणून तिच्या गळ्यात माळ अडकवायची, हे मला जमेना. मी माळ परत ठेवली आणि बाहेर येऊन म्हणालो, "राहू द्या."

ताईबाई माळेशिवाय गेली. गल्लीत बोलणं झालंच.

हे सगळं चिंगमवरून झालं होतं. लोक हसतील म्हणून तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

ताईबाईचं माहेर एदलाबादकडचं. आमच्याकडं 'शे' म्हणतात तिथं ती शेवटपर्यंत 'हाये' म्हणत राहिली. कोथळीला मुक्ताईच्या यात्रेत तिनं माळ घातली तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा शिजलं नाही. एकच खोड होती, मशेरी. सकाळी उठली की तवा चुलीवर, तंबाखू भाजायची आणि दातांना लावून तासभर बसायची. वच्छलावहिनीचंही तेच. दोघी जावा समोरासमोरच्या ओट्यावर बसून बोटानं दात घासायच्या आणि तोंडात थुंकी धरून बोलायच्या. त्यांचं बोलणं त्यांनाच कळायचं.

मग तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. आमची मुलगी मंदा धुळ्याला दिली आहे. तिनं आईला तिकडच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "मशेरी आज बंद. उद्या नाही, आज." ताईबाईनं बंद केली. पण तोंडाला चाळा हवा. बडीशेप झाली, लवंग झाली. चौथ्या दिवशी मंदाच्या घरी ती चिडून ताटं आपटायला लागली. परतताना मंदानं धुळ्याच्या स्टँडवर तिला एक चिंगम घेऊन दिलं आणि सांगितलं, "आई, हे गिळायचं नाही, चावत राहायचं."

"कुठपर्यंत?"

"शिरपूर येईपर्यंत."

ती खरंच शिरपूर येईपर्यंत चावत आली. उतरल्यावर मला म्हणाली, "आता याचं काय करू?" मी म्हणालो, "थुंक." ती म्हणाली, "एवढं चांगलं हाये अजून!"

त्या दिवसापासून तिला चिंगमचा नाद लागला. हिलालच्या दुकानातून मी पाच-पाच आणायचो. एक चिंगम ती दोन दिवस पुरवायची. जेवताना ते काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायची, जेवण झालं की परत तोंडात. एकदा मी त्या वाटीतलं पाणी चुकून प्यालो. ती म्हणाली, "माझं चिंगम कुठं हाये?" मी पोटाला हात लावून उभा. ती इतकी हसली की शेवटी तिला बसावं लागलं. चारचौघांत मात्र ती चावायची नाही. कुणी आलं की दाराआड जायची. एवढ्या वयाच्या बाईनं पोरीबाळींसारखं तोंड हलवायचं, याची तिला लाज वाटायची. पण मशेरी सुटली. गालाचा चट्टाही कमी झाला.

मग चैत्रात एकदा वच्छलावहिनी समोरच्या ओट्यावरून सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तू माळकरी ना व? त्या चिंगममा चरबी ऱ्हास. डुक्करनी."

ताईबाई म्हणाली, "कोन सांगलं तुमले?"

"महाराजस्नी सांगं, कीर्तनमा."

ताईबाईनं तोंडातलं चिंगम काढलं. घरात आली, खळखळून चुळा भरल्या आणि गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. मी जिनिंगमधून आलो तेव्हा ती तशीच बसली होती. गळा मोकळा दिसत होता. तेहेतीस वर्षांत मी तिचा गळा मोकळा पाहिला नव्हता.

ती म्हणाली, "तुम्ही धुळ्याले जाता. कुणी शिकेल माणसाले विचारा ना, त्याच्यात काय असतं ते. नसन तसं काही, तर माळ घालीन. असन, तर कोथळीले जाऊन माफी मागीन. पण मले खरं कळू द्या."

मी म्हणालो, "बघू."

त्यानंतर मी चार वेळा धुळ्याला गेलो. कधी मशीनचं सामान, कधी मंदाच्या घरी. दर वेळी ती विचारायची, "विचारलं का?" मी म्हणायचो, "राहून गेलं, बघू." खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. पन्नाशी उलटलेल्या माणसानं शिकल्यासवरल्या लोकांना चिंगमचं काय विचारायचं? मला वाटलं, विसरेल. ती विसरली नाही, पण विचारायची बंद झाली. चिंगम सोडलं, माळही नाही. मशेरीकडं मात्र परत वळली नाही.

दहाव्यानंतर तोताराम आबा घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिनी माळ ईचार करीसन काढी. आमी तं ईचार न करताच घालतस." मग म्हणाले, "वरीसना आत माळ तापीमा सोड. पन मन साफ करीसन सोड."

म्हणजे मला वर्षाच्या आत शोधायचं होतं.

पहिल्यांदा हिलालकडं गेलो. वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस, त्याला माहीत असेल असं वाटलं. त्यानं बरणीतून चिंगम काढलं, कागद उलगडला, चष्मा लावला. सगळं इंग्रजीत. तो म्हणाला, "नाना, मी इकतो. खात नही."

"पण हिलाल, कशाचं करत असतील?"

"रबरनं. एक रबर खोडाले, एक रबर चावाले. कारखाना एकच असी."

बाकावर दोघं-तिघं बसले होते, तेही सुरू झाले. एक म्हणाला, जुन्या टायरचं करतात. दुसरा म्हणाला, माशाच्या सरसाचं. तिसऱ्यानं विचारलं, "बन्सीनाना, या वयात दात पडेल शेतस ना तुमना? कसाले पाहिजे?" मी म्हणालो, "बायकोसाठी." हिलालनं कागद घडी करून माझ्या हातात दिला. चिंगमचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

उन्हाळ्यात धुळ्याला गेलो तेव्हा मंदाला कागद दाखवला आणि तिच्या आईचा प्रश्न सांगितला. ती ओरडलीच, "बाबा, हे तुम्ही आधी का नाही बोललात? आमच्या मागच्या गल्लीत रतिलाल सर राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. चार घरं सोडून!" चार वेळा आलो होतो, चार घरं सोडून माणूस होता.

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. सर लुंगीवर झाडांना पाणी घालत होते. मी सरळ विचारलं, "सर, चिंगम कशाचं असतं? त्यात चरबी असते का?" मला वाटलं हसतील. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "आधी इकडं या."

कोपऱ्यात चिकूचं झाड होतं. त्यांनी एका कच्च्या चिकूला नख मारलं. पांढरा चीक वर आला. "घ्या बोटावर. चोळा." मी चोळला. दोन बोटं चिकटायला लागली. ते म्हणाले, "पहिलं चिंगम याचं."

मी म्हणालो, "चिकूचं?"

"याच्या खोडाच्या चिकाचं. झाडाला चिरा पाडायच्या, चीक गोळा करायचा, आटवायचा आणि चघळायचा. तिकडं मेक्सिको देशात लोक शेकडो वर्षं चघळत होते."

मी म्हणालो, "म्हणूनच आपण त्याला चिकू म्हणतो. चीक निघतो म्हणून."

सर हसले. "मीसुद्धा असंच समजत होतो. पण हे झाड आपलं नाही, तिकडून आलेलं आहे. त्या लोकांचा त्या चिकाला एक शब्द होता, चिकली असा काहीतरी. त्यावरून फळाचं नाव पडलं आणि नाव झाडाबरोबर इथं आलं, असं म्हणतात. आपला चीक वेगळा, तो आपल्याच घरचा शब्द. दोन्ही सारखे निघाले, हा योगायोग."

मला ते पटायला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. चिकूला चीक असतो, हे लहान लेकराला दिसतं. त्यासाठी परदेशातून शब्द कशाला आणावा लागतो?

सर पुढं सांगत होते. तिकडचा एक हरलेला सेनापती देश सोडून अमेरिकेत गेला, त्यानं हा चीक बरोबर नेला. तिथल्या एका माणसाला वाटलं, याचं रबर होईल, गाडीच्या चाकांना लावू. वर्षभर खटपट केली. नाही झालं रबर. मग त्यानं त्याच्या गोळ्या करून चघळायला विकल्या आणि त्या खपल्या. मी म्हणालो, "म्हणजे हिलालच्या बाकावरचा तो टायरवाला अगदीच चुकला नव्हता." सरांना हिलाल कोण ते माहीत नव्हतं, तरी ते हसले.

मग ते म्हणाले, "आणखी एक गंमत. त्या जुन्या लोकांत रीत होती. लग्न झालेल्या बायकांनी चारचौघांत चघळायचं नाही. चघळायचं तर घरात. पोरींनी बाहेर चघळलं तरी चालायचं."

मंदा म्हणाली, "आई दाराआड जाऊन चावायची, सर."

मंदा रडायला लागेल असं मला वाटलं, पण ती हसत होती. मीही हसलो. समुद्रापलीकडच्या त्या बायकाही दाराआड उभ्या राहून तोंड हलवत असतील आणि समोरच्या ओट्यावरून त्यांचीही एखादी जाऊ बघत असेल, असं मनात आलं. ताईबाईला सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "म्हणजे झाडाचं आहे. चरबी नाही."

सरांनी माझ्याकडचा चिंगमचा कागद घेऊन वाचला. ते म्हणाले असते 'नाही', तर मी माळ घेऊन त्याच रात्री तापीवर गेलो असतो. पण ते सरळ माणूस. म्हणाले, "तेव्हा नव्हती. आता चिकूचा चीक परवडत नाही. आताचं चिंगम कारखान्यात खनिज तेलापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाचं असतं. त्यात साखर, वास आणि मऊ राहावं म्हणून ग्लिसरीन. ग्लिसरीन वनस्पतीच्या तेलातूनही निघतं आणि चरबीतूनही. या कंपनीनं कोणतं घातलं, ते कागदावर नाही. मी खोटं कसं सांगू?"

ते आत गेले आणि कंपनीच्या नावानं इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहून आणलं. ग्लिसरीन कशाचं वापरता, एवढंच विचारलेलं. खाली सहीला जागा सोडली होती. "पत्ता याच कागदावर आहे. तुम्ही पाठवा. माझ्यापेक्षा तुम्हाला उत्तर देणं त्यांना भाग आहे, तुमच्या घरात ते खाल्लं जायचं."

शिरपूरला आल्यावर वच्छलावहिनी चहा घेऊन आली. ताईबाई गेल्यापासून रोज संध्याकाळी ती चहा आणते. कप ठेवते आणि जाते, बसत नाही. त्या दिवशी ती उंबऱ्यात थांबली. मंदानं फोनवर वहिनीच्या मुलाला सांगितलं होतं, त्याच्याकडून तिला कळलं असावं. तिनं विचारलं, "काय निंघनं, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. चिकू, मेक्सिको, ग्लिसरीन, कंपनीला लिहिलेलं पत्र. मग म्हणालो, "वहिनी, ते महाराज कोणते होते? त्यांनाच गाठून विचारतो, त्यांना कुठून कळलं ते."

वहिनी खाली बसली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "महाराजस्नी काही सांगं नव्हतं, भाऊ."

मी कप खाली ठेवला.

"डॉक्टरनी माले बी मशेरी सोडाले सांगेल व्हतं. मी सोडी पाही. तीन येळा. सुटेच ना. आनि ती समोर बसीसन चिंगम खाये, हासे. तिनी सुटी गयी, मनी नही. माले राग उना. मना तोंडमाईन निघी गयं. माले काय ठावं, ती माळच काढी टाकी?"

"मग नंतर का नाही सांगितलं?"

"रोज सांगसू सांगसू म्हने. ती बोलेबी गोड. कोन्ता तोंडनी सांगू?"

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. ती रोज सांगेन म्हणत होती आणि मी रोज बघू म्हणत होतो. आठ महिने ताईबाई आम्हा दोघांच्या मधे मोकळ्या गळ्यानं बसली होती आणि आम्हा दोघांवरही चिडली नव्हती. मी चहा पिऊन टाकला. थंड झाला होता. वहिनी म्हणाली, "दुसरा आनू का?" मी म्हणालो, "आणा. आणि तुमचाही आणा."

त्या दिवशी पहिल्यांदा ती बसून चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी तोताराम आबांना सरांचं आणि वहिनीचं, दोघांचं बोलणं सांगितलं. म्हणालो, अर्धं कळलंय, अर्धं नाही. आबा म्हणाले, "तिनी काय ईचारेल व्हतं?" मी म्हणालो, "वहिनी सांगते ते खरं का, एवढंच." आबा म्हणाले, "मंग ते तं कळनं. वच्छलाले काही ठाऊक नव्हतं. ज्या बोलवर माळ उतरनी, तो बोलच खोटा. आते काय राह्यनं?"

एकादशीला आम्ही तिघं, मी, वहिनी आणि आबा, टेम्पोत बसून तापीवर, सावळद्याच्या पुलाशी गेलो. पाणी कमी होतं, गुडघाभर जावं लागलं. माळ मी वहिनीच्या हातात दिली. ती घेईना, मग घेतली. तिनं ती कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. माळ लगेच गेली नाही. दगडाला अडकली, फिरली, मग निघाली. आबांनी एक अभंग म्हटला, त्यांचा आवाज आता लागत नाही, तरी म्हटला. परत येताना वहिनीनं भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या त्या आम्ही टेम्पोत खाल्ल्या. मला बऱ्याच महिन्यांनी भूक लागली होती.

तेव्हापासून घरात बरं चाललं आहे. सकाळी जिनिंगला जातो. मंदा महिन्यातून एकदा येते. ताईबाईची आठवण येते, पण आता तिच्या फोटोकडं बघायला लाज वाटत नाही. वहिनी मशेरी सोडायचा चौथा प्रयत्न करते आहे. मी तिला चिंगम आणून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "आधी त्यास्नं उत्तर येऊ द्या."

तिचं बरोबर आहे. ताईबाईचा प्रश्न मिटला, चिंगममध्ये काय असतं हा मिटलेला नाही. सरांनी दिलेल्या पत्रावर मी सही केली आहे. रोज बघू म्हणतो, पण ते अजून टपालपेटीत टाकलेलं नाही.